उडण्याआधी नकाराची सोय करून ठेवा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागातून एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्यांचे वय ५७ आहे. उत्तरायण, म्हणजे गुजरातेतील संक्रांतीचा पतंगोत्सव, आटोपले की जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्या भाचीबरोबर केरळमधील वर्कला येथे जाणार आहेत आणि तेथील समुद्रकड्यावरून टँडम पॅराग्लायडिंग, म्हणजे पायलटच्या पुढे बसून दोघांनी मिळून केलेले उड्डाण, अनुभवण्याची त्यांची फार इच्छा आहे. भाचीने एका व्यावसायिकाशी बोलणे केले आहे, मात्र तो पूर्ण रक्कम आगाऊ मागतो. ताईंना रक्तदाब आहे आणि तो औषधाने ताब्यात आहे. दोन वर्षांपूर्वी घरातच घसरून पडल्याने त्यांचे मनगट मोडले होते. गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिले की त्यांना गरगरते. यजमानांचा विरोध आहे, आणि दिरांनी गोव्यातील अपघाताची बातमी घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकल्यापासून हा विषय काढणेही अवघड झाले आहे. “मी उडावे की नाही, आणि उडायचे ठरवले तर कशाच्या भरवशावर?” असे त्यांनी विचारले आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण वर्कल्याला अवश्य जावे आणि कड्यावर उभे राहण्यापर्यंतची सर्व तयारीही करावी. मात्र उडायचेच असे ठरवून जाऊ नये. हा निर्णय वडोदऱ्यात बसून घेण्यासारखा नाही. तो त्या दिवशी, त्या वेळी, समुद्राकडे तोंड करून घ्यायचा असतो, आणि त्या क्षणी “आज नको” हे दोन शब्द आपल्याला सहज उच्चारता आले पाहिजेत. म्हणून माझा सारा सल्ला एकाच गोष्टीभोवती आहे: नकार देणे पैशाने, वेळेने आणि मनाने स्वस्त पडेल, अशी व्यवस्था निघण्यापूर्वीच करून ठेवावी.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका समुद्रकिनारी अशाच उड्डाणासाठी मी चार दिवस आधी पूर्ण रक्कम भरली होती. ठरलेल्या दिवशी वारा धक्क्याधक्क्याने येत होता, माझ्या आधीच्या दोघा प्रवाशांना बराच वेळ ताटकळत ठेवले होते, आणि आज उडू नये असे मला अगदी स्पष्टपणे वाटत होते. पण “पैसे परत मिळणार नाहीत” हे वाक्य ऐकले आणि मी मुकाट्याने हार्नेस, म्हणजे पंखाला जोडणारे पट्ट्यांचे आसन, चढवला. उतरताना आम्ही वाळूवर आडवे आपटलो आणि माझा घोटा सहा आठवडे बांधलेला राहिला. वारा जसा होता तसाच मला दिसत होता. माझा नकार मात्र मी चार दिवस आधीच विकून टाकला होता.

दिरांनी पाठवलेली बातमी खोटी नाही. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर गोव्यातील केरी येथील पठारावरून झालेल्या टँडम उड्डाणात पुण्याहून आलेली एक तरुण पर्यटक आणि तिचा पायलट असे दोघेही मृत्युमुखी पडले, आणि ते उड्डाण आयोजित करणाऱ्या व्यावसायिकावर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. घरच्यांपुढे ही गोष्ट झटकून टाकू नका. त्यांची भीती खरी आहे, आणि आपण तिला तयारीने उत्तर दिले तरच ते आपले ऐकतील. एक गैरसमज मात्र दूर करावा. नावे सारखी असल्याने अनेक जण पॅरासेलिंग आणि पॅराग्लायडिंग एकच समजतात. पॅरासेलिंगमध्ये नावेला बांधलेल्या दोरीने आपल्याला ओढत वर नेतात आणि सगळा ताबा नावेवरच्या माणसांकडे असतो. पॅरामोटरला इंजिन आणि पंखा असतो. आपण ज्याविषयी लिहिले आहे त्यात दोरी नसते, इंजिनही नसते. असतो तो वारा, कापडी पंख आणि पायलटचे हात. भाचीने ज्याच्याशी बोलणे केले आहे तो यांपैकी नेमके काय करवतो, हे आधी विचारून घ्या.

आता वाऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे, आणि वडोदऱ्यात उत्तरायणाला गच्चीवर वाढलेल्या माणसाला या विषयात वाटते त्यापेक्षा बरेच जास्त कळते. पॅराग्लायडरचा पंख म्हणजे कापडी कप्प्यांची एक लांब रांग असते. पुढच्या कडेवरील तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि त्या दाबामुळेच कापडाला पंखाचा आकार येतो. पतंगासारखा कामट्यांचा सांगाडा त्यात नसतो. टँडम पंखाचे क्षेत्रफळ साधारण ४० चौरस मीटर असते, म्हणजे एका प्रशस्त दिवाणखान्याएवढे. पतंगाला मांजा धरून ठेवतो. येथे मांजाचे काम खाली लटकणाऱ्या दोघांचे वजन करते. किन्ना, म्हणजे पतंगाला मांजा जोडणारा दोरा, दोन बोटे इकडेतिकडे बांधला गेला तर पतंग एका अंगावर झुकतो, हे आपण पाहिले असेल. पंखाच्या दोऱ्यांचेही तसेच आहे: वापराने, ओलीने आणि ताणाने त्यांची लांबी काही सेंटिमीटरने बदलली तरी पंखाची चाल बदलते, आणि म्हणूनच त्यांची ठरावीक काळाने मोजणी करून घ्यावी लागते. किनाऱ्यावरचे ऊन, खार आणि वाळू कापडाला लवकर जुने करतात, ही गोष्ट डोंगरावरच्या पंखांपेक्षा समुद्राकाठच्या पंखांना अधिक लागू आहे.

समुद्रकड्यावर पंख तरंगतो तो दुपारच्या खाऱ्या वाऱ्यामुळे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घेण्यासाठी किनाऱ्याकडे येते. वाटेत कडा लागला की ती वर वळते. पंख हवेतून सेकंदाला साधारण एक ते सव्वा मीटर खाली येतच असतो. वर वळलेली हवा त्याहून अधिक वेगाने चढत असेल तोवर पायलट कड्याला समांतर येरझारा घालत तरंगत राहू शकतो. वारा समुद्राकडून शक्य तितका सरळ येऊन कड्यावर आदळला पाहिजे. तो किनाऱ्याला तिरपा वाहू लागला की हा वर नेणारा पट्टा विस्कटतो. आणि उंच इमारतीच्या आडोशाला पतंग कसा अचानक गोता खातो, ते आठवून पाहा. कड्याच्या माथ्यामागे नेमकी तशीच गिरक्या घेणारी हवा असते. पायलट तिला रोटर म्हणतात आणि तिच्यात शिरणे कटाक्षाने टाळतात.

आकड्यांत सांगायचे तर टँडम पंखाचा स्वतःचा वेग ताशी ३५ ते ३८ किलोमीटरच्या आसपास असतो. वारा तेवढाच झाला तर पंख जागच्या जागी थांबतो, आणि त्याहून वाढला तर मागे, म्हणजे माथ्यापलीकडील त्या रोटरकडे, सरकू लागतो. वारा मोजण्याचे यंत्र आपल्याकडे नसेल, पण समोर समुद्र आहे. पाण्यावर पांढरे तुरे कुठेकुठे दिसत असतील तर वारा सौम्य आहे. बऱ्यापैकी दिसत असतील तर तो साधारण २० ते २८ किलोमीटरचा आहे. सगळा समुद्र पांढऱ्या तुऱ्यांनी भरला असेल तर वारा ३० च्या पुढे गेला आहे असे समजावे आणि चहा मागवून खुर्चीत बसावे. सरासरी वेगाइतकेच झोताला महत्त्व आहे. नारळाच्या झावळ्या एकसारख्या वाकलेल्या दिसल्या तर बरे. त्या क्षणात शांत आणि क्षणात पिसाटल्यासारख्या हलत असतील तर तो दिवस सोडून द्यावा.

सूर्यास्ताच्या वेळी उडण्याचा हट्ट मात्र धरू नका. छायाचित्रे तेव्हाची सुंदर येतात हे खरे, पण खारा वारा संध्याकाळी मंदावत जातो, आणि त्या शेवटच्या तासात जास्तीत जास्त लोकांना उडवण्याची घाई सुरू होते. मला दुपारनंतरची, वारा नुकता स्थिरावलेली वेळ अधिक पसंत आहे.

वर्कल्याचा तांबडा, माथ्यावर जांभा असलेला कडा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्य केला आहे, आणि तो डोळे भरून पाहण्यासारखा आहे. उड्डाणाच्या दृष्टीने मात्र त्याला एक अडचण आहे: कड्याच्या पायथ्याची वाळू अरुंद आहे आणि माथ्यावर उपाहारगृहे, झाडे, खांब आणि तारा दाटल्या आहेत. मार्च २०२३ मध्ये येथील पापनाशम किनाऱ्याजवळ एक टँडम पंख दिव्याच्या उंच खांबाला अडकला. पायलट आणि त्याच्याबरोबरची पर्यटक महिला बराच वेळ वर लटकून राहिले, आणि खाली जाळी व गाद्या अंथरल्यामुळे दोघेही बचावले. खंभातच्या आखाताकाठी कावी-कंबोईचे स्तंभेश्वराचे मंदिर भरतीत बुडताना आपण पाहिले असेल. केरळात भरती-ओहोटीतील अंतर खंभातच्या आखाताच्या मानाने फारच थोडे, साधारण मीटरभराचे असते; पण अरुंद वाळूवर तेवढेही पुरेसे होते. म्हणून आपल्या वेळेला भरती कितपत आहे आणि उतरण्यासाठी किती वाळू उघडी राहील, हे विचारून घ्यावे. वाळूऐवजी पाण्यात उतरावे लागले तर ओले कापड आणि दोऱ्या अंगाभोवती गुंडाळतात, आणि आसनाखालचा फोम माणसाला पालथे करू शकतो. त्यासाठी तरंगजाकीट देता का आणि किनाऱ्यावर मदतीला कोण असते, या प्रश्नांची उत्तरे निःसंकोचपणे मागावीत.

आता आपल्या शरीराविषयी. रक्तदाबाचा उल्लेख आपण दोनदा केला आहे आणि मनगटाचा केवळ ओघात. मला मात्र मनगटाची अधिक काळजी वाटते. पन्नाशीनंतर स्त्रीचे मनगट उभ्या उंचीवरून साधे पडून मोडले, तर ती हाडे ठिसूळ झाल्याची पहिली खूण असू शकते. या खेळातील दुखापती बहुतांशी उड्डाण घेताना आणि उतरताना होतात, आणि त्या घोटा, पाय व पाठीचा कणा यांना होतात. चांगल्या वाऱ्यात, उत्तम पायलटबरोबरही उतरताना बसणारा एखादा धक्का तिशीतल्या भाचीला हसण्यावारी नेता येईल. ठिसूळ मणक्याला तो महागात पडेल. म्हणून निघण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. ही तपासणी थोड्या वेळात होते आणि दुखत नाही. अहवालातील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. तसे निघाल्यास आपण उडू नये, असे मी स्पष्ट सांगते. वर्कल्याचा कडा माथ्यावरूनही तितकाच देखणा आहे, आणि त्या तपासणीमुळे वेळेवर उपचार सुरू झाले तर हा प्रवास न उडताही सार्थकी लागेल. अहवाल चांगला आला तर रक्तदाबाविषयी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे मत घ्या. समुद्रकड्यावरचे उड्डाण फार उंचावरचे नसते, त्यामुळे विरळ हवेचा प्रश्न येत नाही; पण धावणे, धडधड आणि उत्साह यांचा ताण असतोच, आणि त्या दिवशी सकाळची गोळी चुकवू नये.

गरगरण्याविषयी आपल्याला दिलासा देता येईल. कठड्यावर डोळ्यांना खाली सरळ उतरत जाणारी भिंत दिसते आणि पाय मात्र तिला जखडलेले असतात. पंखाखाली जमिनीशी जोडणारे असे काहीच नसते, म्हणून कठड्यावर घाबरणाऱ्या कितीतरी जणांना हवेत तशी घेरी येत नाही. मलाही आली नाही. मळमळ मात्र होऊ शकते. त्यासाठी पोट हलके ठेवावे, क्षितिजाकडे पाहावे, आणि “घिरट्या नकोत, सरळ येरझारा घाला” असे पायलटला आधीच सांगावे.

आगाऊ रकमेचे काय करायचे, ते एव्हाना आपल्या लक्षात आले असेल. पूर्ण रक्कम देऊ नका. थोडी रक्कम देऊन वेळ राखता येत असेल, आणि वारा योग्य नसल्यास किंवा आपण शेवटच्या क्षणी नकार दिल्यास काय होईल हे लिहून मिळत असेल, तर ठीक. अन्यथा तेथे जाऊनच ठरवावे. वर्कल्यात किमान तीन मुक्काम ठेवा आणि उड्डाणाचा विचार परतीच्या दिवशी मुळीच करू नका, कारण स्टेशन गाठण्याची घाई माणसाकडून नको ते करवून घेते.

पहिल्या दिवशी फक्त पाहा. तासभर कड्यावर उभ्या राहा आणि निदान चार उड्डाणे आरंभापासून शेवटापर्यंत न्याहाळा. माझ्या मते कोणत्याही जाहिरातीपेक्षा आणि लोकांनी दिलेल्या ताऱ्यांपेक्षा हा तास अधिक खरे सांगतो. पायलट प्रत्येक प्रवाशाला धावण्याच्या आणि उतरण्याच्या सूचना शांतपणे देतो का, दोन उड्डाणांमध्ये पंख अंथरून दोऱ्या पाहतो का, वारा वाढल्यावर कोणाला थांबवतो का, हे पाहावे. वाऱ्यामुळे ज्याने माणसे परत पाठवली, त्याच्याबरोबर मी डोळे मिटून उडेन. मग त्याला विचारा: टँडमचा परवाना आपल्याकडे आहे का, कारण एकट्याने उडण्याचा परवाना वेगळा असतो, पंखाची शेवटची तपासणी आणि आपत्कालीन पॅराशूटची शेवटची घडी केव्हा झाली, आणि मला प्रत्यक्ष आपणच घेऊन जाणार आहात ना. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या साहसी पर्यटनविषयक मार्गदर्शक सूचना २०१८ पासून उपलब्ध आहेत, त्यामुळे असे प्रश्न विचारण्यात आपला काही आगाऊपणा होत नाही.

हार्नेस चढवल्यावर तीन पट्टे स्वतः हाताने चाचपा: दोन मांड्यांचे आणि एक छातीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुल्लूजवळ एका तरुण पर्यटक स्त्रीचा टँडम उड्डाणात पडून मृत्यू झाला, तेव्हा सुरक्षापट्टा नीट तपासला गेला नसल्याचे प्राथमिक चौकशीत पुढे आले होते. मांडीचे पट्टे बांधायचे राहून गेले तर जमिनीवर काहीच जाणवत नाही; पाय सुटले की मगच कळते. हे तीन पट्टे आणि पायलटशी जोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कड्या बंद असल्याचे त्याच्याकडून मोठ्याने वदवून घ्यावे. पायांत घोटा धरून ठेवणारे बूट हवेत, ओढणी आणि मोकळे केस नकोत, चष्म्याला दोरी हवी, मंगळसूत्र आत खोचलेले असावे, आणि मोबाइल हातात नसावा. धावा म्हटले की पाय खरोखर हवेत जाईपर्यंत धावत राहावे. नवखा माणूस दोन पावलांनंतर बसू पाहतो आणि तेथेच घोटाळा होतो.

विम्याविषयी थोडक्यात: आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांचा खर्च वगळलेला असतो, अपघात विमा आणि प्रवास विमा यांच्या अटी मात्र वेगवेगळ्या असतात, म्हणून आपली पॉलिसी काढून वाचा आणि कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. किनाऱ्यावर सही करायला देतील त्या कागदावर रक्तदाब आणि मोडलेले मनगट लपवू नका.

राहिले यजमान. त्यांना न सांगता उडू नये. मात्र त्यांची परवानगी मागण्यापेक्षा त्यांच्यापुढे आपली तयारी ठेवावी: डेक्साचा अहवाल, डॉक्टरांचे मत, तीन मुक्काम, न भरलेली आगाऊ रक्कम. “वारा चांगला नसला तर मी उडणार नाही” हे वाक्य अशा तयारीनंतर त्यांना खरे वाटेल, कारण ते खरेच असेल. शक्य असल्यास त्यांनाही बरोबर न्या आणि पहिल्या दिवशीच्या त्या तासाला शेजारी उभे करा. आयुष्यभर उत्तरायणाला पतंग उडवलेला माणूस असेल तर समुद्रावरचा वारा बरा की वाईट, हे त्यांना भाचीपेक्षा आधी कळेल, आणि नको म्हणण्याचा प्रसंग आलाच तर तेव्हा आपण एकट्या नसाल.

आपण २० जानेवारीला निघणार असल्याचे लिहिले आहे. अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या, आणि भाचीला त्या व्यावसायिकाकडे रक्कम भरण्यापासून आजच थांबवा.